सातवं पान तिसऱ्या जागी कसं न्यायचं?

समजा, बोईसरजवळच्या बेटेगावातल्या पाच-सहा जणांनी मिळून आपल्या परिसराची माहितीपुस्तिका करायचं ठरवलं. विरारहून डहाणू रोडला जाणाऱ्या लोकलमधून कुठे उतरलं की काय पाहता येतं, ते स्थानकवार सांगायचं. एकाने गुगल डॉक्समध्ये नवा दस्तऐवज उघडला, सगळ्यांना लिंक पाठवली आणि ज्याने त्याने सवडीने आपला भाग लिहिला. डहाणूच्या चिकूच्या वाड्यांवरचा मजकूर सर्वांत आधी आला. मग तारापूरचा किल्ला, मग सातपाटीचं मासेमारी बंदर, आणि अगदी शेवटी केळव्याचा किनारा व तिथलं शीतलादेवीचं देऊळ. एकूण बारा पानं झाली.

लिखाण छान उतरलं, पण क्रम उलटापालटा. विरार सोडलं की गाडी वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव अशी थांबत डहाणू रोडला पोचते. पुस्तिकेत मात्र डहाणू पहिल्या पानावर आणि केळवे शेवटच्या. आता पानं मागेपुढे करायला हवीत.

इथे बहुतेकांचं घोडं अडतं. सादरीकरणाच्या स्लाइड असत्या तर डाव्या बाजूची छोटी चित्रं माउसने धरून वर-खाली ओढली असती. दस्तऐवजात तशी चित्रंच दिसत नाहीत. मेनू धुंडाळले तरी ‘पान हलवा’ अशी आज्ञा सापडत नाही. इतकं साधं काम या प्रणालीत का नसावं? याचं उत्तर एकदा नीट समजलं की काम तर होतंच, शिवाय लिहिण्याची पद्धतही सुधारते.

पोथीचं पान आणि छापखान्यातलं पान

जुनी पोथी आठवून पाहा. तिची लांबट पानं शिवलेली नसतात. दोन लाकडी फळ्यांमध्ये ती सुटी रचून वर कापड गुंडाळतात. पोथीतलं पान ही हातात धरता येणारी वस्तू आहे. ते उचलून दुसरीकडे ठेवता येतं, आणि चुकून सांडलं तर क्रमही बिघडतो. म्हणूनच लेखनिक समासात ग्रंथाचं संक्षिप्त नाव आणि पानाचा क्रमांक लिहून ठेवत.

शिशाच्या खिळ्यांचा छापखाना आला आणि पानाचा जन्म लांबणीवर पडला. जुळारी एकेक खिळा जुळवून ओळी रचायचा. त्या ओळी गॅली नावाच्या लांब तबकात एकाखाली एक जमत जायच्या. गॅलीत पान नसायचं, नुसता सलग मजकूर. त्याचं मुद्रित काढून चुका दुरुस्त व्हायच्या आणि त्यानंतर तो स्तंभ पानाच्या मापाने तोडून, मथळे आणि चित्रांचे ठोकळे बसवून पान तयार व्हायचं. या कामाला मराठी वृत्तपत्रांत ‘पान लावणं’ म्हणतात. खिळे गेले, संगणक आले, तरी रात्रपाळीच्या उपसंपादकाच्या तोंडी ‘पान लागलं का?’ हा प्रश्न तसाच राहिला.

आपल्या कोड्याचं उत्तर याच शब्दात आहे. दस्तऐवज साठवला जातो तो गॅलीसारखा सलग. पडद्यावर दिसणारी पानं संगणक त्या क्षणी लावून दाखवत असतो. छापखान्यात जे काम दिवसातून एकदा व्हायचं, ते इथे तुमच्या प्रत्येक अक्षरागणिक नव्याने होतं.

तारपा नाच आणि चौकटीतला फोटो

पालघर जिल्ह्यातल्या वारली पाड्यांवरचा तारपा नाच पाहिलेल्याला ही गोष्ट चटकन कळेल. मधोमध तारपा वाजवणारा असतो आणि त्याच्याभोवती एकमेकांना धरून नाचणाऱ्यांची लांब साखळी फिरत असते. समजा, तुम्ही त्या साखळीचे फोटो काढताय आणि एका फोटोत दहाच जण मावतात. पहिल्या फोटोत पहिले दहा, दुसऱ्यात पुढचे दहा. आता साखळीत चौथ्या जागी दोन जण नव्याने शिरले, तर पहिल्या फोटोतले शेवटचे दोघे दुसऱ्या फोटोत जातील, दुसऱ्यातले दोघे तिसऱ्यात. साखळी कुठेही तुटली नाही, तरी प्रत्येक फोटो बदलला.

मजकूर म्हणजे ती साखळी आणि पान म्हणजे फोटोची चौकट. दुसऱ्या पानावर एक परिच्छेद वाढवला की सातव्या पानावरच्या चार ओळी आठव्यावर सरकतात. ‘सातवं पान’ ही ठरावीक मजकुराची कायमची ओळख नाही. सध्या त्या चौकटीत जे मावतंय, तेवढंच ते. मग ‘सातवं पान हलव’ असं सांगितलं तर संगणकाने नेमकं काय हलवायचं? त्या पानाची सुरुवात एखाद्या वाक्याच्या मध्यावर झालेली असू शकते आणि शेवट दुसऱ्या वाक्याच्या मध्यावर. ते जसंच्या तसं उचललं तर दोन्ही वाक्यं तुटतील.

पान कुठे संपेल, हे कोण ठरवतं?

पान लावताना संगणक बराच हिशोब करतो. कागदाची उंची, समास, अक्षरांचा आकार, ओळींमधलं अंतर, चित्रांनी अडवलेली जागा, सगळं जमेस धरून एक ओळ कुठे संपेल आणि एका पानावर किती ओळी बसतील ते तो काढतो. यातली एक गोष्ट बदलली तरी पुढची सगळी पानं नव्याने लागतात.

कागदाचंच पाहा. आपल्याकडचा ए-फोर कागद 210 मिलिमीटर रुंद आणि 297 मिलिमीटर उंच असतो. अमेरिकेत रूढ असलेला ‘लेटर’ कागद 216 मिलिमीटर रुंद आणि 279 मिलिमीटर उंच. म्हणजे उंचीत 18 मिलिमीटरची तूट, दोन-तीन ओळींची. बेटेगावात ए-फोरवर लिहिलेली पुस्तिका कुणी ‘लेटर’ मापावर उघडली तर प्रत्येक पानाचा शेवट वेगळ्या ओळीवर येतो.

देवनागरीत आणखी एक गोष्ट येते. आपल्या अक्षरांवर वेलांट्या, मात्रा, रफार आणि अनुस्वार बसतात, खाली उकार आणि ऋकार लोंबतात, आणि काही जोडाक्षरं एकाखाली एक रचली जातात. त्यामुळे ओळीला वर-खाली जास्त जागा लागते, आणि ती किती, हे प्रत्येक टंकाचा कर्ता आपल्या परीने ठरवतो. हाच मजकूर मंगल टंकात एका उंचीचा होतो आणि नोटो सान्स देवनागरीत दुसऱ्या. तुमच्या संगणकावरचा टंक समोरच्याच्या संगणकावर नसेल, तर तिथे दुसरा टंक वापरला जातो आणि बाराची तेरा पानं होतात. म्हणून ‘नवव्या पानावरची तिसरी ओळ बघ’ असं फोनवर सांगून कित्येकदा समोरच्याला ती सापडत नाही. ‘तारापूरच्या भागातला दुसरा परिच्छेद’ म्हटलं की तो लगेच सापडतो.

मग स्लाइड आणि पीडीएफची पानं कशी हलतात?

कारण तिथलं पान पोथीच्या पानासारखं आहे. प्रत्येक स्लाइड ही स्वतंत्र चौकट असते. तिच्यातला मजकूर जास्त झाला तर तो आपोआप पुढच्या स्लाइडवर वाहत जात नाही. रेल्वेचे डबे जसे सुटे करून पुन्हा जोडता येतात, तशा स्लाइड मागेपुढे करता येतात.

पीडीएफचंही तसंच. अडोबी कंपनीने 1993 मध्ये आणलेल्या या प्रकाराचा हेतूच असा, की पान जसं लागलं तसंच जगात सगळीकडे दिसावं. अक्षराची जागा त्यात ठरून गेलेली असते आणि पानांची एक यादी फाइलमध्ये असते. त्या यादीतला क्रम बदलला की पानं हलली. म्हणून मजकूर पूर्ण झाल्यावर, प्रत्येक भाग नव्या पानावर सुरू होत असेल, तर पीडीएफ करून तिची पानं हलवणं हाही मार्ग आहे. मात्र त्यात दोन अडचणी आहेत. पानावर छापले गेलेले क्रमांक जुनेच राहतात, आणि मूळ दस्तऐवजातला क्रम चुकलेलाच राहतो. पुढच्या वर्षी पुस्तिका सुधारायला घेतली की हेच काम पुन्हा करावं लागतं.

कात्री, खळ आणि लॅरी टेसलर

दस्तऐवजात पानं हलत नसली तरी मजकूर हलतो. संगणकाच्या आधी लेखक आणि संपादक खरीखुरी कात्री घेत. टंकलिखित कागदातला परिच्छेद कापत आणि खळ लावून दुसरीकडे चिकटवत. अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात लॅरी टेसलर आणि टिम मॉट यांनी 1970 च्या दशकाच्या मध्यावर ‘जिप्सी’ नावाचा संपादक तयार केला, तेव्हा हीच कृती पडद्यावर आणली. आज आपण वापरतो ते कट, कॉपी आणि पेस्ट तिथून रुळलं. टेसलर 2020 मध्ये वारले.

त्याच केंद्रात बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी 1974 मध्ये ‘ब्राव्हो’ हा संपादक घडवला. त्यातली मजकूर साठवण्याची युक्ती फार सुंदर आहे. लांबलचक मजकुरातला एक भाग हलवायचा म्हणजे हजारो अक्षरं एका जागेवरून उचलून दुसरीकडे मांडायची, असं आपल्याला वाटतं. तिथे अक्षरं जागची हलतच नाहीत. संगणक तुकड्यांची एक यादी ठेवतो आणि फक्त त्या यादीतला क्रम बदलतो.

भजनी मंडळाची वही डोळ्यांसमोर आणा. अभंग वहीत जिथे लिहिलेत तिथेच असतात. आज कोणता आधी म्हणायचा आणि कोणता नंतर, याची एक चिठ्ठी बुवांसमोर असते. क्रम बदलायचा तर वही फाडावी लागत नाही, चिठ्ठी नव्याने लिहिली की झालं. सिमोनी पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि 1983 साली आलेल्या वर्डमध्येही ही चिठ्ठीची युक्ती वापरली गेली.

प्रत्यक्ष काम: केळवे वर, डहाणू खाली

आता बेटेगावच्या पुस्तिकेकडे येऊ. पान विसरायचं आणि ‘भाग’ धरायचा. हे काम शक्यतो संगणकावर करावं, कारण फोनवर दोन-तीन पानांचा मजकूर बोटाने निवडणं जिकिरीचं होतं.

1. आधी आजच्या स्थितीला नाव द्या. फाइल मेनूतल्या व्हर्जन हिस्टरीत जाऊन चालू आवृत्तीला ‘क्रम बदलण्यापूर्वी’ असं काहीतरी नाव द्या. गडबड झालीच तर इथवर परत येता येतं.

2. प्रत्येक भागाच्या शीर्षकाला ‘हेडिंग 1’ ही शैली द्या. कंट्रोल, ऑल्ट आणि 1 या कळा एकत्र दाबल्या की ती लागते. नुसतं ठळक आणि मोठं केलेलं शीर्षक माणसाला कळतं, पण संगणकाच्या लेखी तो साधा मजकूरच राहतो. शैली लावली की डाव्या बाजूच्या रूपरेषेत सगळे भाग ओळीने दिसतात.

3. रूपरेषेतल्या ‘केळवे’वर क्लिक करून तिथे जा. शीर्षकाच्या पहिल्या अक्षराआधी क्लिक करा. मग त्या भागाच्या शेवटापर्यंत खाली या आणि शिफ्ट दाबून धरून तिथे क्लिक करा. मधला सगळा भाग निवडला जाईल. माउस ओढत नेण्यापेक्षा ही रीत बिनचूक आहे.

4. कंट्रोल आणि एक्स दाबून कापा. रूपरेषेतून नव्या जागी जा, कर्सर ठेवा आणि कंट्रोल व व्ही दाबून चिकटवा. या दोन कृतींच्या मध्ये दुसरं काहीही कापू किंवा कॉपी करू नका. तसं केलं तर आधीचं कापलेलं पुसलं जातं. गोंधळ झालाच तर कंट्रोल आणि झेड दाबून मागे या.

5. एखादाच परिच्छेद वर-खाली करायचा असेल तर कापण्याचीही गरज नाही. परिच्छेदात कर्सर ठेवून ऑल्ट आणि शिफ्ट दाबून वरचा किंवा खालचा बाण दाबला की तो एकेक पायरी सरकतो.

शीर्षकांना शैली दिलेली असली तर मायक्रोसॉफ्ट वर्डच्या संगणकावरच्या आवृत्तीत काम आणखी सोपं होतं. तिथल्या नेव्हिगेशन पट्टीत शीर्षक धरून ओढलं की त्याखालचा सगळा भाग सोबत येतो. लिब्रेऑफिसमधल्या नेव्हिगेटरमध्येही भाग असा वर-खाली सरकवता येतो.

मागे राहणारं सामान

घर बदलताना कपाट गेलं तरी भिंतीवरची खुंटी मागेच राहते. मजकूर हलवतानाही अशा काही गोष्टी मागे राहतात.

पहिली, पान तोडण्याची खूण. नवा भाग नव्या पानावर यावा म्हणून कंट्रोल आणि एंटर दाबून आपण ही खूण घालतो. भाग कापताना ती निवडीत आली नाही तर जुन्या जागी दोन खुणा एकापाठोपाठ येतात आणि मध्ये कोरं पान दिसतं. यावर चांगला उपाय म्हणजे खूण शीर्षकालाच देणं. ओळी आणि परिच्छेद यांच्या अंतराच्या मेनूत ‘परिच्छेदाआधी नवं पान’ असा पर्याय मिळतो. तो शीर्षकाला लावला की शीर्षक जिथे जाईल तिथे नवं पान सुरू होईल. कित्येक जण नवं पान आणण्यासाठी एंटर दाबत राहतात. त्या कोऱ्या ओळी क्रम बदलला की नको तिथे पोकळ्या पाडतात, म्हणून ती सवय सोडलेली बरी.

दुसरी, चित्रं. ‘ओळीत’ बसवलेलं चित्र एखाद्या मोठ्या अक्षरासारखं वागतं आणि मजकुराबरोबर जातं. ‘पानावर जागा पक्की’ असा पर्याय दिला असेल तर ते त्या जागेला धरून राहतं. मग केळव्याचा मजकूर वर गेला तरी समुद्राचा फोटो चिकूच्या वाडीशेजारी उरू शकतो. हलवण्याआधी सगळी चित्रं ओळीत घ्यावीत.

तिसरी, आडवी पानं. नकाशासाठी एखादं पान आडवं केलं असेल तर त्याच्या आधी आणि नंतर विभाग तोडणारी खूण असते. कागदाची दिशा आणि समास त्या खुणेशी बांधलेले असतात, म्हणून दोन्ही खुणा निवडीत यायला हव्यात. अनुक्रमणिका आपोआप तयार केलेली असेल तर शेवटी ती अद्ययावत करायला विसरू नये.

एका वेळी अनेक हात

ऑनलाइन दस्तऐवजात एक वेगळा धोका आहे. तुम्ही केळव्याचा भाग हलवताय, त्याच वेळी दुसरा त्यात एक वाक्य लिहितोय. अशा वेळी काय होतं?

यामागचं तत्त्व रांगेसारखं आहे. तुम्ही रांगेत दहावे आहात आणि पुढे तिघे आले, तर तुम्ही तेरावे होता. तसंच कुणी मजकुराच्या सुरुवातीला तीन अक्षरं वाढवली, तर ‘दहाव्या जागी बदल कर’ हा तुमचा आदेश ‘तेराव्या जागी’ असा वळवून घ्यावा लागतो. क्लॅरेन्स एलिस आणि सायमन गिब्ज या संशोधकांनी 1989 मध्ये ही पद्धत मांडली. गुगलने 2010 मध्ये डॉक्सचा संपादक नव्याने लिहिला तेव्हा तिचाच आधार घेतला. तिथे दस्तऐवज म्हणजे बदलांची एक लांब नोंदवही असते: इथे अक्षर आलं, इथलं गेलं, इथे शैली बदलली. जुन्या आवृत्त्या परत दिसतात त्या या नोंदवहीमुळेच.

या नोंदवहीत ‘भाग हलवला’ अशी नोंद मात्र होत नाही. कापणं म्हणजे पुसणं, चिकटवणं म्हणजे नव्याने लिहिणं, अशा दोन वेगळ्या नोंदी पडतात. तुम्ही कापताना तुमच्या पडद्यावर जी अक्षरं होती, तेवढीच पुसली जातात. सहकाऱ्याने त्याच क्षणी लिहिलेलं वाक्य जुन्या जागी एकटंच उरू शकतं. सूचनांच्या मोडमध्ये हे डोळ्यांना दिसतंही: जुना मजकूर खोडलेला आणि नवीन जागी तोच मजकूर नव्या भरीसारखा. म्हणून क्रम बदलताना गटात आधी सांगावं, ‘पुढची दहा मिनिटं कुणी लिहू नका.’ हलवून झाल्यावर समासातले शेरे जागेवर आहेत का, तेही पाहावं.

अनेकांनी मिळून लिहायचं असेल तर ऑक्टोबर 2024 पासून गुगल डॉक्समध्ये आलेले टॅब फार उपयोगी आहेत. एका दस्तऐवजात प्रत्येक स्थानकाचा वेगळा टॅब करता येतो, आणि डावीकडच्या यादीत तो माउसने धरून वर-खाली ओढता येतो. पोथीच्या सुट्या पानाची सोय इथे परत मिळते, फरक इतकाच की सुटं झालेलं एकक पानाऐवजी भाग आहे.

> चौकट: थोडक्यात
>
> • दस्तऐवजात सलग मजकूर साठवतात. पानं दाखवताना लावली जातात.
>
> • कागद, टंक, समास किंवा चित्र बदललं की पानं बदलतात.
>
> • हलवायचा असतो तो भाग. त्याला शीर्षकाची शैली द्या.
>
> • हलवण्याआधी चालू आवृत्तीला नाव द्या आणि सहकाऱ्यांना थांबायला सांगा.
>
> • नव्या पानाची खूण शीर्षकाला द्या, चित्रं ओळीत ठेवा.
>
> • पीडीएफ आणि स्लाइड यांची पानं सुटी असतात, ती थेट हलतात.
>
> • अनेक लेखक असतील तर प्रत्येक भागाला वेगळा टॅब करा.

पान सर्वांत शेवटी

छापखान्यातले लोक पान शेवटी लावत, कारण मजकूर ठरल्याशिवाय पान ठरत नाही हे त्यांना रोजच्या कामातून माहीत होतं. पडद्यावर पहिल्या अक्षरापासून पांढरं पान दिसतं, त्यामुळे आपण उलट्या बाजूने सुरू करतो: पान भरत जातो, कोऱ्या ओळींनी ते जुळवतो आणि मग क्रम बदलायची वेळ आली की अडकतो.

बेटेगावच्या मंडळींनी पुढच्या पुस्तिकेला बसताना पहिल्या दिवशी फक्त स्थानकांची शीर्षकं लिहावीत, सफाळे ते डहाणू रोड, गाडी थांबते त्या क्रमाने. मग कुणी कोणत्याही दिवशी, कोणताही भाग आधी लिहिला तरी तो आपल्या स्थानकाखालीच जाईल. उद्या कुणी म्हणालं की डहाणूहून विरारकडे येणाऱ्या प्रवाशासाठीही पुस्तिका हवी, तर तेच भाग उलट्या क्रमाने लावता येतील. पानांचे आकडे संगणक पुन्हा मोजेल.